खालून वर

बैठक अकराला होती आणि आत्या साडेदहालाच येऊन बसली. उशिरा येणाऱ्याकडे सगळे माना वळवून बघतात, आणि त्या दिवशी कोणी आपल्याकडे बघावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. तिच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याच्या खाली, चार घड्या घातलेलं बँकेचं पत्र होतं.

पत्र मंगळवारी आलं होतं. बाळच्या मोठ्या मशीनच्या कर्जाचे तीन हप्ते थकले आहेत, त्याने भरले नाहीत तर जामीनदार म्हणून तुमच्याकडून वसूल करावे लागतील, असं बँकेने अगदी गोड भाषेत कळवलं होतं. आत्या जामीन राहिली आहे हे घरात फक्त बाळला माहीत होतं, आणि पत्र आलंय हे त्यालाही माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं दादाच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या, छापखान्यात मुद्रितं तपासून आत्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. लहानशाच, पण स्वयंपाकघरात सकाळचं ऊन यायचं. जामिनाच्या कागदात तारण म्हणून त्याच खोल्या लिहिलेल्या होत्या. तेव्हा बाळच्या कर्जाचं काय करायचं हे आज ठरणार होतं, आणि त्यातच आत्याने म्हातारपणी कुठे राहायचं हेही ठरणार होतं.

घरातले मोठे निर्णय छापखान्यातच व्हायचे. घरी बसलं की कोणीतरी चहा टाकायला उठतं, दुसरं मदतीला जातं, आणि तिथे भलताच निर्णय होतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं वर करायचं, कागद कापायच्या लांब टेबलाभोवती स्टुलं ओढायची आणि बोलायचं. टेबलाला शाईचा आणि डिंकाचा वास होता. आत्याने छापखान्याच्या मशीनकडे पाठ करून, भिंतीजवळचं स्टूल धरलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना दादा आला. मागून वहिनी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत थकबाकीची वही. वहिनी गल्ला सांभाळायची आणि ती वही अंथरुणातसुद्धा उशाशी घेऊन झोपते असं तिचा जावई म्हणायचा. जावई पण आला, एकटाच; कोर्टात कारकून होता तो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही शर्टाच्या खिशाला दोन पेनं. शेवटी बाळ आणि त्याची बायको. बाळ म्हणजे दादाचा मुलगा, बेचाळीस वर्षांचा, डोक्यावर चंद्र उगवलेला, दोन मुलांचा बाप. नाव कधी बदलायचं राहूनच गेलं.

बाळची कथा घरात आता सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. दीड वर्षापूर्वी त्याने बापाच्या छापखान्याला 'म्हातारा' ठरवलं आणि वेगळी जागा भाड्याने घेऊन घराएवढे फलक छापणारं मशीन आणलं. पंचाईत एवढीच झाली की घराएवढे फलक लावायला शहरात तेवढ्या भिंतीच नव्हत्या. हप्ता भरायला त्याने एक कार्ड घेतलं, कार्ड भरायला दुसरं, असं करत पाच. सगळं मिळून अकरा लाख.

"मी भरून टाकतो," दादा म्हणाला. ही त्याची नेहमीची सुरुवात.

"कशातून?" वहिनीने विचारलं. "छपाईचे जुने शिशाचे खिळे वितळवून?"

वहिनीने पिशवीतून गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पत्रक काढलं आणि टेबलावर तळहाताने सपाट केलं. वर मोठ्या निळ्या अक्षरात 'मोकळा श्वास' आणि खाली 'निम्म्या पैशात कर्जमुक्त व्हा' असं होतं. एक हसरं जोडपं आकाशाकडे बघत होतं.

"हे बघा. ही कंपनी बँकांशी भांडते आणि कर्ज निम्म्यावर आणते. अकराचे साडेपाच. मी भाजीसुद्धा पाडून घेतल्याशिवाय घेत नाही, आणि कर्ज छापील भावाने फेडू?"

दादाने कागद अंगठा आणि तर्जनीत चोळला. "हा आपलाच छाप आहे."

"म्हणून तर मी फोन केला त्यांना," बाळ म्हणाला. "वीस हजार प्रती आपण छापल्यात, दादा. आपल्या इथून चुकीचं काही बाहेर पडतं का?"

हे ऐकून दादाची छाती बोटभर फुगली. आत्याला ते दिसलं, आणि पोरगं बापाला कुठे गुदगुल्या करायच्या हे बरोबर जाणतं हेही दिसलं.

"माझं ऐका," जावई म्हणाला. "कंपनीबिंपनी काही नको. दिवाळखोरीचा अर्ज टाका. स्वच्छ काम. कोर्ट मशीन विकेल, येईल ते बँकांना वाटेल, उरलेलं पुसून टाकेल. काही वर्षं कोणी कर्ज देणार नाही, पण तेही एका परीने चांगलंच आहे."

"जावईबापू," दादा म्हणाला, "तुमच्या नादारीच्या नोटिसा मी तीस वर्षं छापतोय. त्यात आमचं आडनाव मी जुळवायचं?"

"मीच टाईप करून पाठवीन ना. तुम्हाला त्रास नको."

वहिनीला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. आत्याने चष्म्याची डबी उघडली आणि परत मिटली. विचारायचं तर होतं, पण विचारायचं कसं?

"माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत," ती म्हणाली. "त्या कोणालातरी जामीन राहिल्या आहेत. समजा त्या माणसाने दिवाळं काढलं, तर बाईंचं काय होतं?"

बाळने एकदम जमिनीवरची कागदाची कात्रणं मोजायला घेतली.

"सोपं आहे," जावई खुशीत म्हणाला. कायद्याचं कोणी विचारलं की त्याची कळी खुलायची. "कर्जदार सुटतो, जामीनदार नाही सुटत. बँक थेट त्या बाईंच्या दारात. बाईंना सांगा, सामान बांधायला घ्या."

"सांगते," आत्या म्हणाली.

"आपल्याकडे सुदैवाने जामीनबिमीन कोणी नाही," जावई म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढून कागदावर 'दिवाळखोरी' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एवढा वेळ बाळची बायको काही बोलली नव्हती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद शेवटपर्यंत वाचणारी ती आत्याच्या माहितीतली एकुलती एक बाई होती. आता तिने पत्रक स्वतःकडे ओढलं.

"खाली हे मुंग्यांसारखं बारीक काय आहे? कोणी वाचलंय?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. शेवटी व्हायचं ते झालंच.

"आत्या, तुम्हीच तपासलं असेल ना?"

"तपासलंय की. एक चूक नाही त्यात."

"काय लिहिलंय पण?"

"ते मला काय माहीत?" आत्या म्हणाली.

जावयाला वाटलं ती थट्टा करते आहे. ती खरंच सांगते आहे हे बाकीच्यांना माहीत होतं. या छापखान्यात मुद्रित तपासायच्या दोन रीती होत्या. पहिली जोडीची: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेली प्रत धरून ओळीगणिक 'बरोबर' म्हणायचं. दुसरी आत्याची: शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून एकेक शब्द मागे येत पहिल्यापर्यंत पोचायचं. अर्थ लागला की डोळे घसरतात, मग चूक दिसत नाही, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. सतराव्या वर्षी दादानेच तिला हे शिकवलं होतं. तिच्या हाताखालून शाळेची पुस्तकं गेली, कायद्याचे ग्रंथ गेले, चार-पाच प्रेमकथा गेल्या; त्यातल्या प्रत्येकीचा शेवट तिला ठाऊक होता आणि गोष्ट एकीचीही नाही. हे पत्रक घाईचं काम होतं. जोडीचं वाचन राहिलंच, आत्याने एकटीने उलटं वाचून सोडून दिलं.

"मग आता वाचा," बाळची बायको म्हणाली. "जोडीने. आपण बाहेरच्यांचं वाचतो, आपलं नको का वाचायला?"

दादाने फळीवरून आणखी एक प्रत काढली, भिंग घेतलं, घसा खाकरला. आत्याने आपली प्रत धरली. छत्तीस वर्षांची सवय. पाठ आपोआप ताठ झाली.

"तारका," दादा वाचू लागला. "मोकळा श्वास हे त्रिपर्ण सेवा मंडळी यांचे व्यापारी नाव आहे पूर्णविराम."

"बरोबर."

"थांबा," वहिनी म्हणाली. "कोणाचं नाव?"

"त्रिपर्ण सेवा मंडळी."

वहिनीने वही काढली, बोटाला थुंकी लावली आणि फडाफड पानं उलटली. मग तिने वही दादाच्या भिंगाखाली सरकवली. त्रिपर्ण सेवा मंडळी, वीस हजार पत्रकं, दोन रंग, बिल चार महिन्यांपूर्वीचं, जमा शून्य.

"मी सहा वेळा फोन केला या लोकांना. मला ठाऊक तरी होतं का की हेच ते! मागच्या आठवड्यात त्यांचा माणूस मला काय म्हणाला सांगू? म्हणाला, बाई, सध्या हात तंग आहे, चाळीस टक्क्यांत तडजोड करून टाका."

मग जावई खो खो हसत सुटला आणि स्टुलावरून पडता पडता वाचला.

"आई, म्हणजे ते त्यांच्या कामात हुशार आहेत," बाळ चाचरत म्हणाला. "तू किती म्हणालीस?"

"चोराच्या हातची लंगोटी म्हणून पन्नासपर्यंत आले होते मी," वहिनी म्हणाली. "आता शंभर घेईन. पुढे वाचा हो."

दादा पुढे वाचू लागला. योजनेत सामील झाल्यावर ग्राहकाने बँकांचे हप्ते भरणे थांबवावे आणि दरमहा रक्कम कंपनीने सांगितलेल्या खात्यात जमा करावी. बरोबर. या काळात व्याज व दंड वाढू शकतो स्वल्पविराम बँका कोर्टात जाऊ शकतात पूर्णविराम. बरोबर. प्रत्येक बँक तडजोडीस तयार होईलच अशी हमी कंपनी देत नाही. बरोबर. कंपनीचे शुल्क मूळ कर्जाच्या पंचवीस टक्के.

"निम्म्यात झालं तरी पाऊण पडलं की," वहिनी पुटपुटली. "वर दंड वेगळा. आगीतून फुफाट्यात."

आत्या बरोबर, बरोबर म्हणत होती. गंमत अशी की हे सगळे शब्द तिच्या ओळखीचे होते. 'हमी', 'दंड', 'शुल्क', एकेकाची वेलांटी तिने स्वतः तपासली होती. ते एकमेकांशी बोलताना मात्र ती आज पहिल्यांदा ऐकत होती, आणि ऐकावं तसं तिचं मन खचत चाललं होतं.

"कर्जास जामीनदार असल्यास," दादाने वाचलं, "थकलेल्या रकमेसाठी बँक जामीनदाराच्या मालमत्तेवर टाच आणू शकते स्वल्पविराम त्यास कंपनी जबाबदार नाही पूर्णविराम."

आत्या काही बोलली नाही.

दादा थांबला. जोडीच्या वाचनात समोरचा गप्प झाला म्हणजे चूक सापडली. त्याने भिंग खाली धरून ओळ पुन्हा वाचली. "इथे काय चुकलंय?"

"काही नाही."

"मग बरोबर म्हण."

"नाही म्हणत," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिने चष्म्याची डबी उघडली, पत्र काढलं आणि ते उलगडून टेबलावर, त्या हसऱ्या जोडप्याच्या तोंडावर ठेवलं.

जावयाने ते आधी वाचलं, कारण कोर्टाचा माणूस कागद आधी ओढतो. वाचून झाल्यावर त्याने 'दिवाळखोरी' लिहिलेला कागद हळूच उलटा केला. "त्या ओळखीतल्या बाई," तो म्हणाला. "आत्या, मी ते सामान बांधायचं वगैरे..."

"अहो, तुम्ही खरं तेच सांगितलंत."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. तो बाळकडे बघत होता आणि बाळ कुठेच बघत नव्हता. "आत्याच्या खोल्या? तू हिच्या खोल्या लावल्यास?"

"दादा, दोन महिन्यांत सोडवणार होतो. मशीन चालू झालं की..."

"त्याला बोलू नकोस," आत्या म्हणाली. "सही मी केली. त्याने काही माझा हात धरला नव्हता. विचारलंन, मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्याकडे काही मागायला येतंय असं किती वर्षांनी झालं होतं."

"आणि न वाचता सही केलीस? तू?"

"वाचलं की," आत्या म्हणाली. "नीट वाचलं. दोन चुका निघाल्या, मार्जिनमध्ये खुणा करून दिल्या. बँकेतला तो माणूस तर म्हणाला, इतकं बारकाईने वाचणारा जामीनदार मी पाहिला नाही."

वहिनीला आधी हसू फुटलं. तिला आवरेना, तिच्या मागोमाग बाळच्या बायकोला, आणि मग स्वतः आत्यालाही, डोळे पुसता पुसता. दादा तेवढा हसला नाही. तो भिंगाच्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसला होता.

"मीच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "मजकुरात शिरू नकोस म्हणून. एकदा सांगितलं आणि छत्तीस वर्षं विसरलो की सांगितलंय. माझंच चुकलं."

तो असं कधी म्हणत नसे. वहिनीने हसणं थांबवून त्याच्याकडे बघितलं आणि वही मिटली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या खोल्या कुठे जात नाहीत. मी बसलेय ना. पण आता मार्ग काय तो कोणीतरी सांगा, माझी कंपनी तर बुडाली."

बाळच्या बायकोने पर्समधून एक साधा पांढरा फॉर्म काढला. त्यावर चित्र नव्हतं, हसणारं कोणी नव्हतं.

"मी गुरुवारी गेले होते. कर्ज सल्ला केंद्रात. न सांगता गेले, रागवा हवं तर. दोन तास बसवून ठेवलं. आतल्या बाईंनी एकदाही निम्मं म्हटलं नाही. म्हणाल्या, मुद्दल एक पैसा कमी होणार नाही. आम्ही बँकांशी बोलून व्याज उतरवून घेतो, पाच कार्डांचा मिळून एकच हप्ता करतो, पाच वर्षं लागतील, आणि कार्डं आजच कात्रीने कापा. आणि मशीन विकून त्याचं कर्ज आधी मिटवा, कारण तारण त्यालाच असतं. उरलंसुरलं हप्त्यात घालू. मी विचारलं, जामीनदार असला तर? त्या म्हणाल्या, हप्ता चुकला नाही तर बँकेला त्याची आठवणही येत नाही."

आत्याने मान वर केली. "तू जामीनदाराचं का विचारलंस?"

"आत्या, एवढ्या मोठ्या कर्जाला बँक जामीन मागणारच. आणि तुम्ही मंगळवारपासून डबी उघडताय आणि चष्मा घालत नाही आहात."

"मशीन विकायचं?" बाळ म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला. "आणि मी काय करू मग?"

"कापायचं मशीन चालवायला माणूस हवाय," दादा म्हणाला. "म्हाताऱ्याकडे. पगार वेळेवर मिळेल. मालकाचा स्वभाव खराब आहे."

बाळ उठला, त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि पाचही कार्डं कागद कापायच्या मशीनच्या पात्याखाली एकावर एक रचून ठेवली. दादाने पातं खाली आणलं. एरवी पाचशे कागद कापणाऱ्या पात्याला ते काम म्हणजे पोरखेळ होता. जावयाने तुकडे गोळा केले, पुरावा म्हणून की काय कोण जाणे.

"आता यादी," बाळची बायको म्हणाली. "बाईंनी बजावलंय, यादीत एकही देणं लपवायचं नाही. ज्याचं ज्याचं घेतलंय त्याचं नाव. लपवलेलं एक देणं सगळी योजना मोडतं."

बाळ पलीकडच्या टेबलावर जाऊन लिहायला बसला. इकडे वहिनीने त्रिपर्णच्या माणसाला फोन लावला आणि चाळीस टक्क्यांचा विषय असा काही काढला की जावई पेन सावरून ऐकत बसला. पाऊण तासाने बाळ फॉर्म घेऊन आला आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने तो आत्यापुढे ठेवला.

"तपास," तो म्हणाला. "पण सुलटा."

"सुलटाच," आत्या म्हणाली. तिने या वेळी खरोखरच चष्मा घातला. पण हाडीमाशी मुरलेली सवय एका दिवसात जाते थोडीच. डोळे आपले तळाशीच गेले, आणि त्यामुळे सगळ्यात शेवटची ओळ तिने सगळ्यात आधी वाचली.

'आत्या. शाळेच्या सहलीपासून आजपर्यंत, वेळोवेळी. अंदाजे एकतीस हजार.'

सहलीचे पैसे तिने त्याला तो आठवीत असताना दिले होते, दादाने नाही म्हटल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराआड. पुढे सायकलचं चाक, पहिल्या मुलाखतीचे बूट, लग्नाआधीची अंगठी. हे कुठे लिहून ठेवायचं असतं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि हे पोरगं ते विसरलेलं नाही हे तिला आत्ता कळत होतं.

तिने लाल पेन घेतलं, ती ओळ सरळ रेघेने खोडली आणि कडेला, शब्द गाळायचा असला की करतात, ती खूण केली.

"आत्या, बाई म्हणाल्यात एकही देणं लपवायचं नाही," बाळ म्हणाला. "ते राहू दे. मला द्यायचंय."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग दादाकडे, जो छताकडे बघत होता. मग तिने पेन पुन्हा टेकवलं आणि खोडलेल्या अक्षरांखाली एकेक करून टिंबं दिली. छापखान्यात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता: खोडलेलं तसंच राहू द्या.

बाळने फॉर्म घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने त्याचा हात बाजूला सारला. "थांब. अजून झालं नाही."

तिने 'एकतीस' खोडलं आणि वर नीट, वळणदार अक्षरात 'बत्तीस' लिहिलं.

"बुटांचे धरलेच नाहीस," ती म्हणाली, आणि मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून फॉर्म वरून खाली वाचायला लागली.